उजवा बीबी कप सारखा सैल होतोय? आधी फ्रेम कुठली ते ओळखा

जुनी टूरिंग सायकल सेकंडहँड घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली आहे. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचा एक्सल जिथे फिरतो तो भाग; त्याचे दोन कप फ्रेममध्ये आट्यांनी आवळून बसतात. त्यातला उजवा कप कितीही आवळा, थोडं चालवलं की परत सैल. चढावर जोर लावला की खालून टक् टक् आवाज येतो, चेनव्हील डुलायला लागतं, पुढच्या डिरेलरला (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) चेन घासते. दुकानात नेली की कप आवळून मिळतो आणि काही दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. वैतागून इंग्लिश मापाचा नवा कार्ट्रिज बीबी (एक्सल आणि छर्रे आतच असलेला बंद संच) मागवावा, तर तो आत गडगड हलतो, नाहीतर पहिल्याच आट्याला अडतो.

या त्रासाचं मूळ बहुतेक वेळा सायकलच्या ओळखीत सापडतं. फ्रेम कुठल्या देशातली, साधारण कधीची, आणि मधल्या मालकांनी तिच्यात काय फेरफार केलेत हे समजलं की कप का सुटतो ते कळतं आणि मग तो थांबवताही येतो. म्हणून हे लिखाण निम्मं बीबीबद्दल आहे आणि निम्मं ओळख पटवण्याबद्दल.

मी इंग्लंडमध्ये डर्बीशरमध्ये राहतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या टूरिंग सायकली इथे कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायचा बाजार), चॅरिटीच्या दुकानांत, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये अजून मिळतात. रेनॉल्ड्स या ब्रिटिश कंपनीच्या नळ्या, हाताने झाळलेले सांधे, मडगार्ड-कॅरिअर लावायची सोय असलेली फ्रेम आज नव्याने करून घ्यायची तर बरेच पैसे पडतात. त्यामुळे इकडे आलेली आपली मंडळी जुनी सायकल हौसेने घेतात, आणि घ्यावीच. फक्त अशी सायकल दुकानातून बाहेर पडल्यावर आजवर जशीच्या तशी राहिलेली नसते, एवढं धरून चालायचं.

कप सुटतो का?

पायडल मारताना एक्सल पुढे फिरतो, म्हणजे उजवीकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. एक्सल आणि कप यांच्यामध्ये छर्रे असतात आणि त्यांच्यातून कपवर येणारा दाब एका जागी न राहता गोल फिरत राहतो. कप आणि फ्रेमचे आटे कितीही नीट बसले तरी त्यांच्यात केसाएवढी जागा असतेच. त्या फिरत्या दाबामुळे उजवा कप घड्याळाच्या उलट दिशेने कणाकणाने सरकतो.

इंग्लिश पद्धतीत म्हणूनच उजव्या कपला उलटे आटे असतात. तो घड्याळाच्या उलट दिशेला फिरवला की आवळतो. म्हणजे चालवताना तो सुटायच्या ऐवजी घट्टच होत जातो. इटालियन आणि जुन्या फ्रेंच पद्धतीत मात्र दोन्ही कपना सरळ आटे. तिथे उजवा कप जोराने आवळलेला नसेल तर आज ना उद्या सुटणारच. स्विस पद्धत या दोन्हींच्या मधली: माप फ्रेंच, पण उजव्या कपला उलटे आटे.

तेव्हा कप पुन्हा सुटला की तो आवळण्याआधी एक गोष्ट बघा. तो काढायला कुठल्या दिशेला फिरवावा लागतोय? घड्याळाच्या दिशेने फिरवून निघत असेल तर आटे उलटे आहेत, आणि तरीही तो सुटत असेल तर आटे झिजलेत किंवा कधीतरी वाकडा कप दामटून घातल्यामुळे मेलेत. घड्याळाच्या उलट दिशेने, नेहमीच्या नट-बोल्टसारखा निघत असेल तर आटे सरळ आहेत. मग फ्रेम एकतर मुळात इंग्लिश पद्धतीची नाही, नाहीतर आता ती इंग्लिश राहिलेली नाही. या दुसऱ्या शक्यतेकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

उघडून मापायचं

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, काढताना घाई नको. अॅल्युमिनिअमच्या क्रँकमध्ये पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) ज्या आट्यांवर बसतो त्यांचं नेहमीचं माप २२ मिमी. पण जुन्या टूरिंग सायकलींवर फ्रेंच क्रँक फार आवडीने लावले जायचे. त्यातल्या टीएच्या क्रँकला २३ मिमीचा पुलर लागतो आणि जुन्या स्ट्राँगलाइटला २३.३५ मिमीचा. २२ चा पुलर २३ च्या भोकात ढिला ढिला का होईना जातो, पाना फिरवला की थोडा धरतोही, आणि मग मऊ अॅल्युमिनिअमचे आटे सोलून घेऊन बाहेर येतो. त्यानंतर तो क्रँक काढणं म्हणजे मोठंच काम होऊन बसतं. क्रँकच्या मागच्या बाजूला नाव कोरलेलं असतं. ते आधी वाचा, मगच पुलर लावा.

क्रँक, डाव्या बाजूचं लॉकरिंग (डावा कप जागी धरणारी रिंग) आणि दोन्ही कप निघाले की शेल, म्हणजे सीटखालची सीट ट्यूब, पुढची तिरपी डाउन ट्यूब आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनस्टे जिथे एकत्र येतात ती आडवी जाड नळी, आतून रॉकेलने स्वच्छ करा. व्हर्निअर कॅलिपरने शेलची रुंदी घ्या आणि कपच्या आट्यांचा बाहेरचा व्यास घ्या. ही दोन मापं आणि उजव्या आट्यांची दिशा, एवढ्यावर बराचसा निकाल लागतो.

इंग्लिश असेल तर व्यास १.३७ इंच, म्हणजे ३४.८ मिमी, इंचाला २४ आटे, शेल ६८ मिमी रुंद. फ्रेंच असेल तर व्यास ३५ मिमी, दर मिलिमीटरला एक आटा, शेल ६८ च. इटालियन असेल तर व्यास ३६ मिमी, इंचाला २४ आटे, शेल ७० मिमी. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याचं स्वतःचं वेगळंच माप होतं: इंचाला २६ आटे आणि शेल ७१ किंवा ७६ मिमी. तसं निघालं तर ओळख पटवायचं निम्मं काम तिथेच झालं, कारण ते माप दुसऱ्या कुणाचं सहसा नसतं.

इंग्लिश आणि फ्रेंच व्यासात फरक दोन दशांश मिलिमीटरचा. झिजलेल्या कपवर तो कॅलिपरने पकडता येत नाही. तिथे आट्याची दिशा विचारायची, किंवा आट्यांमधलं अंतर मापणारा थ्रेड गेज लावायचा. गेज नसेल तर ज्याचं माप नक्की माहीत आहे असा इंग्लिश कप घेऊन दोघांचे आटे एकमेकांवर टेकवा आणि उजेडाकडे धरा. माप एकच असेल तर आटे एकमेकांत शेवटपर्यंत बसतात. वेगळं असेल तर काही आट्यांनंतर फट दिसायला लागते.

एक्सलवरचे आकडेही वाचून घ्या. जुन्या छर्रेवाल्या जपानी एक्सलवर मधोमध ३ आणि पुढे अक्षरं असा शिक्का असतो, किंवा ५ आणि पुढे अक्षरं. ३ म्हणजे ६८ मिमीच्या शेलसाठी, ५ म्हणजे ७० मिमीच्या. ६८ च्या शेलातून ५ वाला एक्सल निघाला तर मधे कुणीतरी हात घातलाय हे नक्की.

६८ चा शेल आणि ३६ चा कप

माझ्या मेव्हण्याच्या सायकलीत हेच निघालं. त्याने कार बूट सेलमध्ये काळ्या रंगाची एक देखणी टूरिंग सायकल घेतली. डाउन ट्यूबवर एका नावाजलेल्या ब्रिटिश कारखान्याचं स्टिकर, सीट ट्यूबवर रेनॉल्ड्स ५३१ चं, क्रँक फ्रेंच, डिरेलर जपानी. काही दिवसांत त्याचा फोन: “दाजी, हा उजवा कप मला चढच चढू देत नाहीये. परवाच आवळून आणला होता.” मी त्याला एवढंच विचारलं, “सुटताना कुठल्या बाजूला फिरतो?” तो म्हणाला, नेहमीच्या नटासारखा. स्टिकर ब्रिटिश आणि आटे सरळ! दोघांपैकी एक कुणीतरी खोटं बोलत होतं.

उघडल्यावर शेलची रुंदी भरली बरोबर ६८ मिमी, आणि कपचा व्यास ३५.९. रुंदी इंग्लिश किंवा फ्रेंच, आणि आटे इटालियन. अशी जोडी कुठल्याच कारखान्यातून निघत नाही. ती दुरुस्तीतून तयार होते. इंग्लिश किंवा फ्रेंच शेलचे आटे मेले की फ्रेम बनवणारे कारागीर ते कापून काढतात आणि ३६ मिमीचा इटालियन टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारतात, कारण सगळ्या मापांत तेच मोठं आहे आणि त्यासाठी लागणारी धातू शेलमध्ये शिल्लक असते. व्यास बदलतो, रुंदी आहे तीच राहते.

त्या एका मापातून तीन गोष्टी कळल्या. फ्रेम इटालियन नाही. तिचे मूळ आटे कधीतरी पार गेले होते. आणि उजवा कप आता कायमचा सरळ आट्याचा आहे, म्हणजे तो बसवायची पद्धतच वेगळी ठेवायला हवी. फ्रेम इंग्लिश की फ्रेंच हे मात्र शेलवरून आता कळण्यासारखं नव्हतं. तो पुरावा टॅपने खाल्ला होता.

झाळलेलं धरा, आवळलेलं सोडा

फेरफार झालेल्या सायकलीची ओळख पटवताना मी एकच नियम पाळतो. नट-बोल्टने लागलेली कुठलीही वस्तू फ्रेमबद्दल साक्ष देत नाही. फ्रेमला जे झाळून बसवलंय आणि नळ्यांची जी मापं आहेत, तीच धरायची. आणि स्टिकर तर सगळ्यात शेवटी, कारण जुन्या कारखान्यांच्या स्टिकरच्या नकला उघड विकत मिळतात. रंग नवा देणारे बहुतेक जण त्या प्रामाणिकपणे, हौसेनेच लावतात, पण फ्रेम तीच असते असं नाही.

रेनॉल्ड्स ५३१ चं स्टिकर खरं असलं तरी ते फक्त नळीचं नाव सांगतं. ही नळी १९३५ मध्ये आली आणि पुढची कित्येक दशकं ब्रिटन, फ्रान्स आणि इतर देशांतल्या असंख्य कारखान्यांनी आणि एकट्या-दुकट्या कारागिरांनी वापरली. त्यातही सगळ्या नळ्या ५३१ च्या की फक्त मुख्य तीन, हे स्टिकरच्या मजकुरावरून ठरतं. ५३१ एसटी म्हणजे खास टूरिंगसाठीची जोडी. तसं स्टिकर दिसलं तर ऐंशीच्या दशकाकडे बघायचं.

नळ्या मापणं सोपं आहे आणि खात्रीचं आहे. रंगाचा थर धरून डाउन ट्यूबचा व्यास घ्या. इंग्लिश पद्धतीत २८.६ मिमी, फ्रेंच पद्धतीत २८. वरची आडवी नळी इंग्लिशमध्ये २५.४, फ्रेंचमध्ये २६. हँडलचा स्टेम फोर्कच्या नळीत जिथे उतरतो तिथे इंग्लिश माप २२.२ मिमी, फ्रेंच २२. नवा स्टेम घालताना तो जेमतेम शिरत असेल आणि जुन्यावर बारीक कागदाने घासल्याच्या खुणा असतील, तर फोर्क फ्रेंच असण्याची दाट शक्यता. सीटची दांडी २७.२ मिमीची असेल तर इंग्लिश मापाची चांगली, पातळ नळी. २६.४ किंवा २६.६ असेल तर चांगल्या नळीची फ्रेंच फ्रेम असू शकते. त्याहून बरीच बारीक असेल तर नळी जाड आणि फ्रेम साधी, मग स्टिकर काहीही म्हणो.

मेव्हण्याच्या सायकलीची डाउन ट्यूब २८.६ आणि सीटची दांडी २७.२ भरली. फ्रेंचचा प्रश्न तिथेच मिटला.

फोर्क काढाच

बरेच जण इथे थांबतात, पण खरा खजिना फोर्कच्या नळीवर असतो. हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सोडवून फोर्क खाली काढा. छर्रे सुटे असले तर खाली कापड अंथरा, आणि वर-खाली किती होते ते मोजून ठेवा.

पहिली गोष्ट, नंबर. ब्रिटनमधले पुष्कळ कारागीर फ्रेमचा नंबर बीबीच्या शेलखाली ठोकायचे आणि तोच नंबर फोर्कच्या नळीवरही ठोकायचे. दोन्ही जुळले तर फोर्क मूळचा. शेलखालचा नंबर रंगाखाली बुजला असेल तर रंग खरवडू नका. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासा, किंवा तिरपा टॉर्च मारा. काहींचे नंबर मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा एक्सल जिथे बसतो ती खाच) किंवा सीटजवळच्या लगवर (नळ्या जोडणारा सांधा) असतात. ब्रिटनमध्ये सायकल घेतली असेल तर हा नंबर हाती आला की पहिल्यांदा बाइकरजिस्टर या सायकलींच्या ऑनलाइन नोंदीत टाकून ती चोरीची तर नाही ना ते बघा. पोलीस हीच नोंद वापरतात. हे काम तर पैसे देण्याआधीच केलेलं बरं.

दुसरी गोष्ट, फोर्कचे आटे. एक इंच व्यास आणि इंचाला २४ आटे हे आताचं सर्वसाधारण माप. २५ मिमी आणि दर मिलिमीटरला एक आटा असेल तर फ्रेंच. एक इंचाला २६ आटे असतील तर रॅले. फोर्कच्या नळीत आत बोट घालून बघा. तळाशी पाच पिळदार उंचवटे लागले तर नळी कोलंबस कंपनीची, म्हणजे इटालियन. ५३१ चं स्टिकर लावलेल्या फ्रेममध्ये असे पीळ लागले तर फोर्क बहुधा दुसऱ्याच सायकलीचा.

तिसरी गोष्ट, मूळ रंग. रंग देणारा हेडसेटचे कप काढायचा कंटाळा करतो. कपच्या कडेखाली, शेलच्या आत आणि सीट क्लॅम्पच्या फटीत जुना रंग टिकून राहतो. मेव्हण्याच्या काळ्या सायकलीत खालच्या कपच्या कडेला गडद हिरवी रेघ होती, आणि फोर्कच्या नळीवरही तोच हिरवा, आणि दोन्हीकडचा नंबर एकच. हेड ट्यूबवर, म्हणजे फोर्क जिच्यातून जातो त्या पुढच्या नळीवर, काळ्या रंगाखाली कुठेही बॅज लावायच्या खिळ्यांची बुजवलेली भोकं नव्हती, म्हणजे मूळ नाव तिथे बॅजने नव्हे तर स्टिकरने लागलं असणार. डाउन ट्यूबवर ज्या कारखान्याचं नाव होतं त्याच्या नंबरांच्या पद्धतीत हा नंबर बसत नव्हता. एकट्या कारागिराच्या छोट्या दुकानातली फ्रेम असावी असा माझा कयास.

असल्या वेळी नाव शोधायला व्हेटरन-सायकल क्लबकडे जावं. १९५५ पासूनची ही संस्था आहे आणि तिथे एकेका कारखान्याचे, एकेका कारागिराचे जाणकार आहेत. नंबर, ड्रॉपआउटचा फोटो, सीटजवळच्या सांध्याचा फोटो, बीबीचा खालून फोटो आणि वर सांगितलेली मापं एकत्र पाठवली तर त्यांना उत्तर देता येतं. नुसता बाजूने काढलेला अख्ख्या सायकलीचा फोटो पाठवून “ही कुठली?” विचारलं तर कुणालाही सांगता येणार नाही, कारण त्या फोटोत दिसतात ते बहुतेक बदललेलेच पार्ट.

मुळात टूरिंग होती की नंतर केली?

हे ठरवलं नाही तर पुढे सामान लादल्यावर त्रास होतो. बीबीच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत माप घ्या. टूरिंगच्या फ्रेममध्ये ते ४३ ते ४६ सेंटिमीटर असतं, रेसिंगच्यात ४० ते ४१ च्या आसपास. लांब चेनस्टे असली की मागच्या पिशव्यांना टाच लागत नाही. हे माप नंतर कुणी बदलू शकत नाही, म्हणून ते सगळ्यात विश्वासाचं.

मडगार्ड-कॅरिअरचे कान, बाटलीचे बोल्ट, कँटिलिव्हर ब्रेकचे खुंट या गोष्टी मात्र नंतर झाळून लावता येतात, आणि लोक लावून घेतातही. त्यांच्या बुडाशी भिंग धरा. मूळचं काम असेल तर पितळ कडेने सारखं पसरलेलं असतं आणि फाइलने साफ केलेलं असतं. नंतरचं असेल तर पितळेचा थेंब कुठेतरी जाड राहतो, आणि भोवतीचा रंग फ्रेमच्या इतर रंगापेक्षा थोडा वेगळा दिसतो. फोर्कच्या मध्यावर पुढच्या खालच्या कॅरिअरसाठी बोल्ट असतील तर फ्रेम बहुधा ऐंशीच्या आसपासची किंवा नंतरची, नाहीतर ते बोल्ट नंतर लावलेले.

नावाजलेल्या टूरिंग सायकलींची तुलना करायची असेल तर ब्रिटनमध्ये १९७१ पासून निघालेली डॉझ कारखान्याची गॅलक्सी आणि अमेरिकेत ऐंशीच्या दशकातली ट्रेक ५२०, ६२० आणि ७२० यांचे जुने कॅटलॉग बघावेत. त्या काळी टूरिंगचे कोन, चेनस्टे आणि कानांची संख्या कशी ठेवत हे त्यावरून डोळ्यात बसतं.

पार्टवरून काळ, पण जपून

पार्ट फ्रेमचं नाव सांगत नाहीत, पण फेरफार कधी झाला ते सांगू शकतात. शिमानोच्या पार्टवर मागच्या बाजूला दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, त्यात ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७. दुसरं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. डिरेलरवर ‘एचई’ दिसलं तर तो मे १९८३ चा. सव्वीस अक्षरं संपल्यावर हा क्रम परत सुरू होतो, त्यामुळे पार्टचा एकूण अवतार बघूनच वर्ष धरा. स्टर्मी-आर्चरच्या गिअर हबवर वर्षाचा आकडा सरळ छापलेला असतो. कॅम्पानोलोच्या जुन्या हबच्या लॉकनटवर ‘कॅम’ आणि पुढे वर्षाचे दोन आकडे.

हब, डिरेलर, ब्रेक सगळे एकाच वर्षाच्या आसपासचे निघाले तर सायकल बरीचशी मूळची. एकेकाची तारीख पाच-दहा वर्षांनी वेगळी असेल तर मधल्या मालकांची यादीच तुमच्या हातात आली.

मागचं चाक आणि ब्रेक

याच फेरफारांतून बाकीच्या दोन तक्रारी निघतात. चाक काढून, फ्रेमवर कुठलाही ताण नसताना दोन्ही ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर मापा. पाच गिअरच्या काळात ते १२० मिमी होतं, सहा-सातच्या काळात १२६, नंतर रोड सायकलींना १३० आणि माउंटन व आताच्या टूरिंगना १३५. १२८ किंवा १३२ असं मधलंच माप निघालं तर फ्रेम बहुधा हाताने ताणलेली आहे. ताणणं स्टीलला चालतं, पण दोन्ही बाजू सारख्या ताणल्या गेल्यात का ते बघा. एका ड्रॉपआउटला दोरा बांधून तो हेड ट्यूबवरून फिरवून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताठ बांधा, आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मापा. एक-दोन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर चाक कायम एका बाजूला दिसणार, रिमचा आऊट कितीही काढा.

रिमचं माप टायरवर वाचा. जुन्या टूरिंगना २७ इंची, म्हणजे ६३० मिमीचं रिम असायचं, आणि आता पुष्कळांनी ७००सी, म्हणजे ६२२ मिमीचं घातलेलं असतं. त्यामुळे ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली आणावे लागतात. तेवढी जागा नसेल तर ते टायरला लागतात आणि टायर कापत राहतात. सायकल भारतात नेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलीचं २८ × १½ चं टायर ६३५ मिमीचं. नावात एकाच इंचाचा फरक वाटतो, पण ते ६३० च्या रिमवर ढिलं बसतं आणि हवा भरताना उतरतं.

आता कप बसवूया

आटे इंग्लिश निघाले आणि मेलेले असतील, तर लगेच ३६ चा टॅप मारून घेऊ नका. आट्यांशिवाय शेलमध्ये दोन्हीकडून आवळून बसणारे कार्ट्रिज बीबी मिळतात. आधी ते लावून बघावं, कारण कापलेली धातू परत येत नाही. आटे फ्रेंच असतील तर फ्रेंच मापाचाच बीबी शोधा. इंग्लिश टॅप मारून फ्रेंच शेल ‘सुधारून’ देतो म्हणणारे भेटतात, पण ३५ च्या भोकात ३४.८ चे आटे पाडायला धातूच उरलेली नसते, आणि कप अर्ध्या पकडीवर बसतो.

६८ च्या शेलात ३६ चे आटे असतील तर असं करा. शेलचे आणि उजव्या कपचे आटे स्पिरिटने पुसून ग्रीसचा अंशही ठेवू नका. मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर लावा. लाल नको, पुढे कधी कप काढायचा झाला तर जाळ लावावा लागेल. कप घड्याळाच्या दिशेने आवळा, आणि तो नेहमीपेक्षा जास्त ताकदीने आवळायचा आहे. जुन्या छर्रेवाल्या कपला पाना धरायला दोनच बारीक सपाट बाजू असतात आणि पाना सटकून रंग आणि बोटं दोन्ही जातात. म्हणून कपच्या मधल्या भोकातून एक जाड बोल्ट घाला, दोन्ही बाजूंना जाड वायसर ठेवून नट आवळा, आणि मग बोल्टचं डोकं लांब पान्याने फिरवा. आधी बोल्ट कपला पकडतो आणि मग कपला घेऊन फिरतो. थ्रेडलॉकर पूर्ण वाळायला एक दिवस द्या. डाव्या कपला मात्र भरपूर ग्रीस लावा, तो लॉकरिंगने धरला जातो.

इटालियन मापाचा कार्ट्रिज बीबी घालणार असाल तर तो ७० च्या शेलसाठी बनलेला असतो. उजवी कड शेलला टेकवून बसवल्यावर एक्सलचा मध्य एक मिलिमीटर डावीकडे सरकतो आणि डावा कप थोडा बाहेर राहतो. तीन चेनव्हीलच्या टूरिंग क्रँकवर एवढ्यानेही सगळ्यात लहान चेनव्हील चेनस्टेला टेकू शकतं, त्यामुळे एक्सलची लांबी ठरवण्याआधी तिथली फट मापून घ्या.

सगळं बसल्यावर कपच्या कडेवर आणि शेलवर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. मेव्हण्याच्या सायकलीवर ती अजून सरळ आहे. तुमच्याकडे ती रेघ तुटून दोन टोकं वेगळी दिसायला लागली तर ते ३६ चे आटेही कप धरत नाहीयेत. तेव्हा पुन्हा आवळू नका, ३६ मिमीच्या भोकात बसणारा आट्यांशिवायचा कार्ट्रिज बीबी मागवा, आणि मागवताना शेलची रुंदी ६८ आहे हे आवर्जून लिहा.